पारूबाईची मिश्री

भानुदास गेल्याचा फोन आला तेव्हा मी आष्टीत, बसस्टँडसमोरच्या हॉटेलात चहा पीत होतो. त्याची बायको शोभावहिनी एवढंच म्हणाली, "भाऊजी, या लवकर…" कप तसाच ठेवून उठलो, तर हॉटेलवाला म्हणाला, "काय झालं गोदाबाई, कावून उठल्या?" मी म्हणालो, "पारूबाई गेली." तोंडातून तेच नाव आलं, काय करणार, एवढ्या वर्षांची सवय. आणि तो माणूस हसला हो! हसला तो हसला, शेजारच्या टेबलावर ओरडून सांगितलं, "आयका, पारूबाई मेली म्हणं!" तेही हसले. त्यांचा दोष नाही, आम्ही त्यांना इतकी वर्षं तेच शिकवलं होतं. पण त्या सकाळी त्या हॉटेलातल्या सगळ्या कपबश्या फोडाव्याशा वाटल्या मला.

ज्यांनी आम्हाला पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पारूबाई म्हणजे भानुदास आणि गोदाबाई म्हणजे मी. पाण्याच्या टँकरची वाट बघत रिकामे हंडे घेऊन बसलेल्या दोन बायका. टँकर काही येत नाही, आणि तो येईपर्यंत या दोघी गावाची सालटी काढतात. एवढाच आमचा खेळ. चकलांब्याच्या गणपतीत पहिल्यांदा केला, तेव्हा नेसायची लुगडी घरातूनच पळवली होती. मग गेवराईच्या तरुण मंडळांनी बोलावलं, मग बीडच्या ऑफिसर क्लबात कोजागिरीला. तिथं साहेबांच्या बायका रुमाल तोंडाला लावून हसत होत्या आणि भानुदास विंगेत मला म्हणत होता, "बघ बे, यांच्या घरी बी टँकरच येतो, पर यांना हंडा उचलावा लागत न्हाई म्हणून हसायला येतंय." असा होता तो. टाळी घ्यायचा आणि टाळी देणाऱ्याला मनातल्या मनात दोन शब्द सुनवायचा.

पारूबाई त्याला बाहेर शोधावी लागली नव्हती. त्याची आई, कासामावशी, घरातच होती. शेळ्या राखून पोरं वाढवलेली बाई, नवरा लवकर गेलेला, जिभेला हाड नाही. सरपंच असो की जावई, समोर आला की सोलून काढायची. मावशीला मिश्रीची सवय. तंबाखू तव्यावर काळी भाजायची, कुटायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटानं दातांवर घासत बसायची. तोंडात बोट असतानाच तिचं निम्मं बोलणं व्हायचं. ओठ आवळलेले, शब्द गालातून निघालेले, मधेच पच्चदिशी पिंक. भानुदासनं ते सगळं जसंच्या तसं उचललं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मावशी लोकांसमोर कडाडली होती, "मुडद्या, आईचं सोंग आणतोस व्हय!" आणि घरी गेल्यावर त्याला दूध-भाकर कुस्करून दिली.

मी गोदाबाईसाठी करपवलेल्या पिठात कॉफी कालवून घ्यायचो. कडू लागायची, पण चालायची. भानुदासला ते पटेना. खोटी मिश्री तोंडात असली की जीभ खोटी वळते, म्हणायचा. झणका बसला पाहिजे, डोळ्यांत पाणी आलं पाहिजे, तरच पारूबाईचा आवाज निघतो. मग तो आईच्याच डबीतली मिश्री घेऊ लागला. आधी प्रयोगापुरती, मग तालमीपुरती, मग सकाळी उठल्या उठल्या. तोवर या माणसाला सुपारीचंही व्यसन नव्हतं! मी भांडलो, शोभावहिनी रडली, मावशीनंही एकदा डबी लपवली. तो हसून म्हणाला, "आई, तुला सत्तरीत काय झालं का? मग मला काय व्हतंय?"

पुढं टीव्हीवाले आले. मुंबईत आम्हाला कुणीतरी दाढी करून दिली, कुणीतरी नेसवून दिलं, टँकरसुद्धा पुठ्ठ्याचा खरा वाटेल असा उभा केला. दिग्दर्शक बरा माणूस होता. कॅमेऱ्यात काय कळणार आहे म्हणून त्यानं भानुदासला चॉकलेटची पूड आणून दिली. भानुदासनं ती सगळ्या युनिटला वाटून टाकली आणि लुगड्याच्या ओच्यातून आपली डबी काढली. तो भाग लई गाजला. त्या वर्षी आष्टीपासून गेवराईपर्यंत लग्नाच्या वराती थांबवून लोक आम्हाला नाचायला ओढत. आपण कायमचे झालो, असं वाटायचे दिवस होते ते…

मग याच खेळाचं नाटक झालं, त्याचा दौरा सुरू झाला आणि त्याच्या गालाला आतून जखम दिसली. तिखट लागेना, तोंड उघडेना. दवाखान्यात गेला तोवर उशीर झाला होता. अर्धा जबडा काढला आणि जिभेचाही तुकडा गेला. मला वाटलं, संपलं. पण टाके सुकल्यावर यानं पाटीवर लिहून दिलं, "पारूबाईनं मौन धरलंय." आणि आम्ही ते केलं! टँकर येईपर्यंत बोलणार नाही असा पारूबाईचा नवस. तोंडावरून पदर घट्ट बांधलेला, आणि गोदाबाई एकटीच दोघींचं बोलतेय. लोक आयुष्यात हसले नसतील एवढे हसले. पदराखाली काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. पडदा पडला की मी तो पदर सोडायचो, रक्त लागलेला कापूस काढायचो. हास्य अजून बाहेर चालूच असायचं. मला त्या हसण्याची शिसारी यायची, खरं सांगतो. त्याला मात्र ते हवं होतं, अखेरपर्यंत हवं होतं.

दहाव्याला गोदावरीच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. आपल्याकडं मग जवळची माणसं एकेक करून पुढं होतात, मेलेल्याच्या मनात काय अडकलं असेल ते ओळखून शब्द देतात. शोभावहिनीनं पोरींच्या शिक्षणाचा शब्द दिला. चुलत्यानं बांधाचं भांडण मिटवायचा दिला. कावळे समोरच्या बाभळीवर बसून बघत होते. मग मी उठलो, हात जोडले आणि म्हणालो, "भानुदास, पारूबाई मी दुसऱ्या कुणाच्या हाती देणार न्हाई." मागून कुणीतरी खुदकन हसलं. मी हात जोडले की लोक हसतात, तिथंही हसले… आणि कावळा शिवलाच नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून उरकलं.

ते माझ्या मनात रुतून बसलं. कारण टीव्हीवाल्यांचा निरोप आधीच आला होता. नवं पर्व, नवी पारूबाई. मुंबईचा एक चांगला नट तयार होता, फक्त मी गोदाबाई म्हणून सोबत हवा होतो, आणि घरच्यांचा होकार. मला दुसरं काही येत नाही, हे मी लपवत नाही. कावळा शिवला नाही याचा अर्थ भानुदासला उलटंच हवं होतं का? पारूबाई चालू राहावी, कुणीही करो, असं? शोभावहिनी म्हणाली, "आत्याबाईंना विचारा. पर त्या बोलत न्हाईत कुणाशी." खरंच, लेक गेल्यापासून कासामावशीनं तोंड शिवल्यासारखं केलं होतं. ज्या दिवशी त्याचा जबडा काढला त्या दिवशी तिनं डबी उकिरड्यावर फेकली होती आणि बोलली होती ती एकच गोष्ट, "माझी मिश्री माझ्या लेकराला लागली."

मागच्या आठवड्यात मावशीला विचारायला चकलांब्याला गेलो. मावशी टँकरपाशी रांगेत होती. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. तिनं एकदा बघितलं आणि पुन्हा टँकरकडं तोंड केलं. तेवढ्यात रांगेत मागं उभ्या असलेल्या गावातल्या एका सुनेनं हळूच आपला हंडा मावशीच्या पुढं सरकवला. साऱ्या बायका मावशीकडं बघायला लागल्या, आता फुटणार म्हणून. मावशी गप्प. मला ते बघवेना. मीच पारूबाईच्या आवाजात म्हणालो, "कावून गं, हंड्याला पाय फुटले व्हय?"

मावशी गर्रकन वळली. "तसं न्हाई," म्हणाली. "आदी हंड्याकडं बघायचं. लई येळ बघायचं. मग तिच्याकडं. मग बोलायचं." आणि कमरेवर हात ठेवून तिनं ते करून दाखवलं. बायका हसल्या आणि दुखवट्याचं घर आठवून एकदम थांबल्या. कासामावशी आयुष्यात कधी शिवी द्यायच्या आधी थांबलेली नव्हती. ते थांबणं भानुदासचं. मावशी स्वतःसारखं बोलत नव्हती, लेक जसं तिला करायचा तसं बोलत होती.

"घरी कुणी नसलं की करीत असते म्या," ती खाली बघत म्हणाली. "तेचा आवाज येतो मंग घरात."

"मोबाईलात हाय की मावशी त्याचं सगळं."

"तेच्यात त्यो मिश्री लावतो रे… मला बघवत न्हाई." मग माझं मनगट धरलं. "सुदाम्या, शोभी सांगत व्हती. दुसऱ्याला देऊ नको. घरोघरी त्योच आवाज वाजंल, माझ्या कानात त्योच बसंल. भानुदासचा पुसून जाईल बाबा. कावळ्याचं सोड, कावळ्याला काय कळतंय? मी आई हाय तेची."

मी तिथूनच फोन लावला. पारूबाई बंद, म्हणालो. दिग्दर्शक अजिजीनं म्हणाला, "अहो, मग तुमची गोदाबाई एकटी काय करणार?"

मावशीचा हंडा भरला होता. चुंबळ डोक्यावर ठेवून ती कुणी हात लावतंय का बघत उभी होती.

"हंडा उचलू लागते," मी म्हणालो आणि फोन ठेवला.