पुढच्या सीटवरचं वजन

आमच्या मेहुण्यांइतकी विमानं बंगळुरात कुणी उडवली नसतील, आणि जमिनीला इतका चिकटलेला वैमानिकही कुणी पाहिला नसेल. माझ्या बायकोचे हे थोरले भाऊ, आम्ही अण्णा म्हणतो. विमान कारखान्यात पंखांची ड्रॉइंगं काढत म्हातारे झाले, पण विमानात एकदाही बसले नाहीत. आम्ही तिघांनी मिळून केलेली शेवटची साधीसुधी गोष्ट म्हणजे अण्णांचं कोल्हापूरचं उड्डाण. ते रद्द झालं. कोल्हापूरवर ढग होते.

हे कळायला अण्णांचा रविवार माहीत पाहिजे. बनशंकरीच्या घरून बसने चामराजपेटेत आमच्याकडे यायचं, कापडी पिशवीतून लॅपटॉप काढायचा आणि इंटरनेटवरचा नकाशा उघडायचा. जक्कूरच्या धावपट्टीपासून निळी रेघ ओढत न्यायची. पाऊस आडवा आला की माऊसने तिला कोपर काढून वळवायची, उड्डाणबंदीच्या लाल गोलांना वळसा घालायचा. वारा किती, तेल किती, सगळं तो नकाशाच सांगतो. मी शिंपी माणूस, चौथीत शाळा सोडलेली. मला ती रेघ कापडावरच्या खडूसारखी वाटायची. एकदा विचारलंच, "अण्णा, सगळं ठीक, पण विमान कुठंय?"

"कापड फाडायच्या आधी माप घेता ना तुम्ही, भाऊजी? मग!"



छोट्या विमानात म्हणे वजनाचा तोल सांभाळावा लागतो. त्यापायी अण्णांनी मला भर रस्त्यात रद्दीवाल्याच्या काट्यावर उभं केलं. "अज्जा, स्वल्प लवकर उतरा, पेपर मोजायचेत," तो रद्दीवाला कानडी मिसळत म्हणाला. आमची ही काही काट्यावर चढली नाही. पाच किलो कमीच सांगायची. अण्णा मुकाट्याने सहा वाढवून लिहायचे. तिला पुढची सीट, मला मागची, सामानासोबत.

प्रवास म्हटला की डबा, ही हिची पद्धत. उड्डाण नकाशावरचं, पण कांदेपोहे खरे. अण्णांचा नियम असा की विमान उडाल्याशिवाय झाकण काढायचं नाही. हवा खराब, तर डबा बंद.

"अण्णा, ढग तिकडे कोल्हापुरात, आणि पोहे माझे इथे गार होतायत!"

"वैमानिक पोटाकडे बघून उडत नसतो."

"मग घरी जाऊन स्वतःच शिजव!" असं म्हणायची आणि निघताना तोच डबा त्यांच्या पिशवीत कोंबायची.

कोल्हापूर तिचं माहेर. "आपल्या गल्लीवरून एक चक्कर मार," म्हणायची. त्या रविवारी ढग हटले नाहीत. "पुढच्या रविवारी नक्की," अण्णा म्हणाले. पुढच्या रविवारपर्यंत ही थांबली नाही.

अण्णा येत राहिले. कॉफी प्यायची, पिशवी मांडीवर घेऊन बसायचं. उघडायची नाही. विचारलं की "हवा बरी नाही." वर्ष होत आलं. वर्षभर हवा वाईट असते होय? परवाच्या रविवारी मी म्हणालो, "उघडा तो लॅपटॉप. दोन म्हातारे बसून भिंत बघतात, कंटाळा आला मला."

अण्णांनी उघडला. कोल्हापूरची रेघ तशीच होती. पुढच्या सीटवर तिचं वजन तसंच, चोरून वाढवलेल्या किलोंसकट.

"इथं शून्य घातल्याशिवाय नवं उड्डाण मांडता येत नाही," अण्णा म्हणाले. "आणि शून्य माझ्याच्यानं लिहवत नाही, भाऊजी."

"शून्य कशाला? डबा ठेवा त्या सीटवर. त्याचं वजन घाला."

"डबा करणार कोण?"

अण्णांनी लॅपटॉप मिटला आणि बस गाठायला निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे भिजवले. जास्तच भिजले. फोडणी करपली, मीठ दोनदा पडलं. तिच्याच डब्यात दाबून भरले, रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवून वजन करून घेतलं, आणि बनशंकरीची बस धरली.