शोचं रुखवत

लग्नाचा सीझन संपला की आम्ही तिघी निवांत चहाला बसतो, आणि प्रत्येकीला दुसरीची फजिती आठवते. असे आमचे किस्से साठत जातात. घडताना मात्र कुणालाच हसू येत नाही.

कामतघरला आम्ही रुखवत मांडून देतो. मी, सुनंदाताई आणि रेश्मा. मुलीच्या घरचं असेल ते मांडायचं, आणि टेबल भरलेलं दिसावं म्हणून आमच्याकडचं भाड्याने द्यायचं. या भाड्याच्या सामानाला आम्ही ‘शोचं’ म्हणतो. मुलीची आई कानात एकच सांगते, “मुलाकडच्यांना कळू देऊ नका.” रुखवत सासरी न्यायचा टेम्पो भरायच्या आत शोचं गुपचूप काढून घ्यायचं, बस. ऐकायला सोपं वाटतं.

*

वज्रेश्वरीला एका लग्नात नवऱ्या मुलाच्या आजोबांनी रुखवतातला लाडू उचलला आणि सरळ चावला. लाडू प्लास्टरचा, वरून रंग दिलेला. म्हटलं, आता आजोबांचा दात तरी जाणार, नाहीतर मुलीच्या आईची अब्रू तरी. आजोबांनी लाडू होता तिथे परत ठेवला, रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाले, “तूप जरा कमी हाय.”

*

एकदा समया घासता घासता सुनंदाताईंनी विचारलं, “आपण शोचा शोचा म्हनतो, पन शो म्हंजे नक्की काय गं?”

मी म्हटलं, शोरूम, शोकेस, शोपीस, त्यातलाच शो. रेश्मा बीए झालेली, तीही इंग्रजीत. मोबाईल बघून म्हणाली, “फार जुन्या इंग्रजीत याचा अर्थ होता बघणं. दुसऱ्याला दाखवणं हा अर्थ मागाहून आला.”

“म्हंजे आधी नुसता बगाचा व्हता,” ताई म्हणाल्या. “दाखवाची कटकट मागशी लागली.” त्यांची लेक दीपाली तेव्हा लग्नाची होती.

*

मग तो टेम्पोवाला. नवीन माणूस, त्याला काय माहीत! सगळं वऱ्हाड उभं असताना मोठ्याने विचारतो, “दीदी, इसमें शो का कौन सा है?”

मुलीच्या आईचा चेहरा पांढरा पडला. रेश्मा शांतपणे म्हणाली, “भैया, शो का सिर्फ दूल्हा है. बाकी सब जाएगा.” वऱ्हाड हसलं, नवरदेवही हसला. आणि बाकी सगळं खरंच गेलं. आमचं सामान परत आणताना मुलीच्या भावाला तिच्या सासरी किती थापा माराव्या लागल्या, ते त्यालाच ठाऊक.

*

यंदा दीपालीचं लग्न झालं, खारबावला. सासर गोदामवाल्यांचं, तालेवार. ताईंचं स्वतःचं म्हणजे एक तांब्याचा हंडा, चार भांडी आणि दीपालीने विणलेलं तोरण. बाकी अख्खं टेबल शोचं. “माझे पोरीला सासरी कोनी हसाला नको,” एवढंच त्या सकाळपासून घोकत होत्या.

ठरलं असं, की मुलाकडचे जेवायला बसले की मी आणि रेश्माने सामान काढायचं. पण मुलाची आईच खुर्ची ओढून टेबलाशेजारी बसली. एकेक वस्तू न्याहाळत होती. जेवायला बोलावलं तर म्हणाली, “माझा ताट इकरंच आना.” ताट आलं, जेवून झालं, तरी बाई हलेना. तिकडे टेम्पो दाराशी लागला.

शेवटची पंगत बसली आणि मंडप रिकामा झाला. बाईने इकडे तिकडे बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, “विहीनबाय, आता कोन न्हाय. तुमचा शोचा काय हाय तो लवकर काढून घ्या. माझे पोरीचे लग्नाला मी जेवाला उठले, तवर सगला शोचा टेम्पोत चढला.”