आखणी राहिलेली पट्टेकरीण

श्रावणाच्या तोंडावर पंचगंगेचं पाणी गल्लीत शिरायला लागलं की आमच्या घरात आधी गणपती वर चढायचे, मग माणसं. शाडूची मूर्ती पाण्यात टिकत नाही. घोट्याएवढं पाणी लागलं तरी ती खालून सुटते आणि बघता बघता बसकण मारते. शेजारचे लोक गाद्या, गॅसची टाकी, टीव्ही माळ्यावर नेत असायचे तेव्हा आम्ही मूर्ती पोटाशी धरून शिडी चढत असायचो. एका वर्षी पाणी इतक्या घाईनं आलं की वरच्या फळीवरच्या तेवढ्या वाचल्या. पाणी ओसरल्यावर आई खराट्यानं चिखल कोपऱ्यात ओढत होती आणि त्या चिखलात सोंडा दिसत होत्या, कान दिसत होते. आण्णा उंबऱ्यावर बसून म्हणाले, "माती हाय. परत मळायची." म्हणाले खरं, पण त्या वर्षी आमच्या घरात सणाला गोड शिजलं नाही, आणि माझ्या कॉलेजचा विषय कुणी काढला नाही.

तरी मी कॉलेजला गेले. एक वर्ष उशिरा गेले, पण गेले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आण्णांची सातवी झालेली, आईची चौथी. मी चित्रकलेची पदवी घेतली. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यावर लोक म्हणाले, कुंभाराची पोरगी, हिला व्यवहारातलं काय कळतंय. मला सगळं कळत होतं. मी माणूस ओळखण्यात चुकले, आणि त्याला पदवी उपयोगी पडत नाही.

माणूस गडहिंग्लजचा. इंजिनिअरिंगला होता, आमच्या कॉलेजच्या एका प्रदर्शनात भेटला. माझ्याच वयाचा, पण पहिल्या दिवसापासून मला अक्का म्हणायचा. त्यांच्याकडं कर्नाटकाच्या सीमेजवळ थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. होस्टेलच्या जेवणाला कंटाळला की आमच्याकडं यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा आण्णा "या पावणं, बसा" म्हणाले. दोन-चार महिन्यांत पावण्याचं "आलास व्हय रं" झालं, आणि पुढं तो स्वतःच ताट घेऊन चुलीपाशी बसायला लागला.

मग एक गेम बनवायचं ठरलं. कल्पना आमच्या दोघांची. पुरात बुडालेलं एक शहर. त्यात दांडपट्टा चालवणारी एक मुलगी. ती पळणार, दीपमाळेवर चढणार, कौलांवरून उड्या मारणार, गाळातून उठलेल्या राक्षसांशी लढणार आणि प्रत्येक लढाईतून पट्ट्याचा एखादा नवा हात शिकणार. वाटेत अडकलेली माणसं भेटणार, त्यांची कामं केली की ती हिला काहीबाही देणार. सगळं हातानं काढलेलं, कागदावर, शाई आणि जलरंगात. कॉम्प्युटरवर काढलेलं एक पानसुद्धा नाही. प्रोग्रॅमिंग त्याचं, चित्रं माझी.

आण्णांना हे समजावताना मजा आली होती.

"म्हंजे तुझं चित्र उड्या मारणार?"

"व्हय."

"आणि पडलं तर?"

"तर परत पहिल्यापासनं."

"मग आमच्यासारखंच झालं की," आई आतून म्हणाली.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना सांगते. मुलगी नुसती एक पाऊल पुढं टाकायची तर चित्रांची चळत लागते. पट्टा फिरवायचा तर आणखी मोठी. एका चित्रात खांदा जरा खाली गेला तर पडद्यावर ती लंगडते. मी सकाळी मूर्तींना पांढऱ्या रंगाचा हात द्यायची, दुपारी मुलांच्या चित्रकलेच्या शिकवण्या घ्यायची आणि मधल्या वेळात पट्टेकरीण काढायची. पदवी झाल्यावरही दोन वर्षं हेच चाललं. तोवर त्याला पुण्यात गेम बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली होती. तो म्हणाला, "अक्का, तू फक्त पाठवत राहा. हितं दाखवतो सगळ्यांना. कंपनीनं गेम घेतला की आपण दोघं मालक."

मी पाठवत राहिले. पण प्रत्येक चित्रात डोळे कोरे ठेवून.

हे आमच्या घरातलं आहे. मूर्तीला रंग लागला, दागिने झाले, सगळं सगळं झालं, की शेवटी डोळे. त्याला आखणी म्हणतात. आमच्याकडं आखणी फक्त आण्णा करायचे. सकाळी आंघोळ करून बसायचे, कुणाशी बोलायचे नाहीत, आणि एका बैठकीत जेवढ्या मूर्ती होतील तेवढ्यांचे डोळे आखायचे, म्हणजे नजर सगळीकडं सारखी राहते. अर्धवट कामाला डोळे द्यायचे नाहीत. अर्धवट काम बघायला लागलं तर त्याला वाईट वाटतं, असं आजी म्हणायची म्हणे. मी शिकलेली बाई, मला वाईटबिईट वाटण्याचं काही नव्हतं, पण नजर सारखी राहण्याचं पटलेलं होतं. सगळ्या हालचाली झाल्या की मी एकदाच बसून डोळे आखणार होते. त्याला हे माहीत होतं. एकदा आण्णा आखणीला बसलेले असताना तो दारात उभा राहून बघत होता. काम झाल्यावर त्यानं विचारलं, "आण्णा, एवढी माणसं राबत्यात, मग मूर्ती नेमकी कुणाची म्हणायची?"

आण्णा कुंचला धूत होते. मोठ्या ऐटीत म्हणाले, "डोळं ज्यानं आखलं, मूर्ती त्याची."

त्या दिवशी मला ते वाक्य फार आवडलं होतं.

मग त्याचे फोन कमी झाले. "काम लई हाय अक्का," एवढंच. आणि एका दुपारी माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचा फोन आला. "अभिनंदन गं! सांगितलं पण न्हाईस. तुझा गेम आला की!"

माझे हात कोपरापर्यंत पांढरे होते. तसेच पुसून मोबाइल उघडला. जाहिरातीत माझी दीपमाळ होती. माझी कौलं होती, एका कौलावर मांजर बसवलं होतं तेसुद्धा होतं. माझी मुलगी पळत आली, उडी मारून कठड्यावर चढली, वळली, आणि तिनं माझ्याकडं बघितलं. डोळे टपोरे, आत चमकीचे दोन ठिपके, परदेशी कार्टूनमधल्या बाहुलीसारखे. कुणीतरी माझ्या पोरीला दुसऱ्याची नजर लावली होती. जाहिरातीखाली नावांची यादी होती. कथा, दिग्दर्शन त्याचं. कला या शब्दासमोर कंपनीतल्या कुणा चित्रकाराचं नाव. मी खाली खाली बघत गेले. विशेष आभार. त्यात त्याचे आईवडील, होस्टेलमधले मित्र, आणि एका ओळीत, अक्का.

नाव नाही. आडनाव नाही. अक्का.

दरवर्षीसारखा तो गावच्या जत्रेला जाताना आमच्या कोल्हापुरात गाडी बदलणार, हे मला ठाऊक होतं. मी बसस्टँडवर गेले. मला बघून तो हसला, जसा कायम हसायचा तसाच.

"अक्का! चल, चहा घेऊ."

"माझं नाव काय रे?"

"आँ?"

"माझं नाव. म्हाईत हाय का तुला?"

"असं काय करतीस? घातलंय की आभारात."

"ते नाव न्हाय. तुमच्या गावात निम्म्या बायका अक्का असतील."

त्यानं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "हे बघ, मी मागितलं होतं. लवकर दे, लवकर दे म्हणत होतो. तू डोळं दिलंच न्हाईस. कंपनी थांबती व्हय कुणासाठी? त्यांच्या माणसानं केलं डोळं. नाव त्याचं आलं."

"बाकीचं अख्खं चित्र?"

"मी काय माझ्या मनचं केलं का?" आता तो जरा मोठ्यानं बोलायला लागला. आजूबाजूचे लोक बघत होते. "तुझ्याच घरात ऐकलंय मी. आण्णाच म्हणले होते. डोळं ज्यानं आखलं, मूर्ती त्याची. म्हणले होते का न्हाय?"

गडहिंग्लजची गाडी लागली. तो चढला. खिडकीतून म्हणाला, "आईला नमस्कार सांग."

गाडी सुटली. आमच्या चुलीपाशी बसून, आमचं अन्न खाऊन त्यानं आमचंच वाक्य उचललं होतं, आणि ते माझ्यावरच चालवलं होतं.

घरी येऊन आण्णांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते पेटून उठतील. निदान दोन शिव्या तरी घालतील. ते सोंडेवरून पाण्याचा कुंचला फिरवत राहिले.

"बोललो होतो खरं," ते म्हणाले.

"मग? तो बरोबर हाय म्हणताय तुम्ही?"

"रीत हाय ती. रीतीला मी काय करू?"

बसस्टँडवर मला रडू आलं नव्हतं, ते तिथं आलं. मित्रानं फसवलं ते एक. बापानं त्यावर मान डोलावली ते त्याहून वाईट.

आई पलीकडं शाडू मळत होती. तिनं हात थांबवले नाहीत, फक्त म्हणाली, "मग माझी एक बी मूर्ती न्हाय व्हय?"

आण्णांचा कुंचला सोंडेवर थांबला.

"लगीन होऊन आल्यापास्नं माती मी मळती. साच्यातनं मी काढती, घासती मी, पुराचं पाणी आलं की पोटाशी धरून माळ्यावर मी न्हेती. तुम्ही आंघोळ करून येता, दोन डोळं काढता. मूर्ती तुमची. असू दे, तुमची तर तुमची. पर ही पोरगी म्हणती ते खोटं हाय, असं तेवढं म्हणू नका."

आण्णा कुंचला ठेवून बाहेर गेले. संध्याकाळी परत आले, जेवले, झोपले. त्या दिवसानंतर ते वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही. त्यांनी माझी माफी मागितली असं मात्र नाही. तशी रीतही आमच्याकडं नाही.

मी पुण्याच्या कंपनीला मेल पाठवला. उत्तर गोड शब्दांत आलं. चित्रांचे हक्क त्या मित्रानं त्यांना लिहून दिले आहेत, तुमचा आणि त्यांचा काही लेखी करार असल्यास कळवावे. करार कसला? एका ताटात जेवणाऱ्याशी कोण करार करतं? वकिलाला विचारलं तर तो म्हणाला, लढता येईल, पण वर्षं जातील. मी वर्षं चित्रांना द्यायचं ठरवलं. तो गेम चांगला चालला, बक्षीसही मिळालं. शिकवणीच्या एका मुलानं एकदा तो माझ्यासमोर लावला. मी उठून आत गेले. आजही मला तो बघवत नाही. लोक म्हणतात, सोडून दे. मी सोडलेलं नाही. माफ तर अजिबात केलेलं नाही.

पण काम थांबवलं नाही. इचलकरंजीची एक मुलगी भेटली, प्रोग्रॅमिंग करणारी. पहिल्याच भेटीत मी तिला म्हणाले, "आधी कागद करू, मग चहा." ती हसली, म्हणाली, "मी बी तेच म्हणणार होते." तिलाही कुणीतरी कुठंतरी असंच शिकवलेलं असणार. मी विचारलं नाही. पुन्हा हातानं, पुन्हा कागदावर, पण नवी मुलगी, नवं शहर. आधीच्या गेममधली एक रेघही त्यात घेतली नाही. रंग भरायला आई बसायची, तिचा हात माझ्यापेक्षा सपाट चालतो. शिकवण्या चालू ठेवून हे सगळं करायला बराच काळ गेला.

गेल्या वर्षी आमचा गेम बाहेर आला. त्या दुसऱ्या गेमइतका तो खपला नाही, पण खपतो आहे. त्यात कला या शब्दासमोर माझं संपूर्ण नाव आहे, आणि रंग या शब्दासमोर माझ्या आईचं.