खालच्या गाळ्यातला आवाज

नावड्यातल्या आमच्या बिल्डिंगखालच्या गाळ्यात दर रविवारी ख्रिस्ती लोकांची प्रार्थना असते. तिथे खुर्च्या मांडणाऱ्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. तळोज्याच्या एका कारखान्यात तो फिटर आहे, एवढंच माहीत. आत गेलेल्या प्रत्येकाच्या चपला तो बाहेर तोंड करून लावतो. "कोणाला मधेच निघावंसं वाटलं तर अवघडायला नको," म्हणतो.

मध्यंतरी त्यांनी मोठा स्पीकर आणला. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मी ऐन गाण्यात तक्रार घेऊन गेलो आणि चपला काढून दारात उभा राहिलो. त्याने लगेच स्पीकर बंद केला. "आमाला वाटलं, आवाज मोठा झाला की लोकं येतील," तो हळूच म्हणाला. गाणं तसंच चालू राहिलं. मी थोडा वेळ ऐकत थांबलो. निघायला वळलो, तर माझ्याही चपला बाहेर तोंड करून ठेवलेल्या.

तेव्हापासून स्पीकर लागलेला नाही. गेल्या रविवारी मी पंखा बंद केला आणि खिडकी उघडली.

"परत तक्रार करताय का?" बायकोने विचारलं.

"नाही," म्हणालो. खुर्ची खिडकीशी ओढली आणि खालचं गाणं ऐकत बसलो.