विरघळलेल्या स्क्रूचे पेढे

दोन हजार सातच्या आसपासची गोष्ट. आनंदनगरच्या आमच्या प्लेटिंगच्या कारखान्यात येणारी प्रत्येक पार्टी एकच मागायची, थर असा द्या की जन्मात निघता कामा नये. एक मुलगी मात्र उलटंच मागायची. कुठल्याशा कॉलेजात संशोधन करायची. नाव आम्ही कधी विचारलंच नाही.

हाडात बसवायचे मॅग्नेशियमचे बारके स्क्रू ती घेऊन यायची. उघडे ठेवले तर खाऱ्या पाण्यात सोड्यासारखे फसफसून संपायचे. म्हणून त्यांच्यावर हाडात असतो तसल्याच चुन्याचा पातळ थर हवा होता. "हाड जुळेपर्यंत टिकू दे, काका. मग स्क्रूनं अंगातच विरघळून जायचं," ती आमच्या फोरमनकाकांना सांगायची. माझ्या मोडलेल्या हाताच्या हाडाला बसवलेली स्टीलची पट्टी काढायला दुसरं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे मला ते लगेच पटलं.

काकांनी मायेनं दुप्पट जाड थर दिला. दर शनिवारी ती स्क्रू टाकलेली मिठाच्या पाण्याची बाटली खिडकीशी धरून, एक डोळा मिटून बघायची. बुडबुडा येईना. काका खूश, तिचं तोंड उतरलेलं. "काका, हा तर माझ्या नातवंडांपर्यंत टिकेल."

पुढच्या खेपेला काकांनी मन घट्ट करून थर पातळ दिला. तो हवे तेवढे दिवस टिकला आणि मग सुटला. दिवाळीच्या सुमारास ती पेढे घेऊनच आली. बाटलीतला स्क्रू टाचणीएवढा झाला होता.

काकांनी पेढा तोंडात टाकला, बाटली उजेडात धरली आणि तिच्यासारखाच एक डोळा मिटला.

"आजवर प्लेटिंग उडालं की शिव्या खाल्ल्या," ते म्हणाले. "पेढा पहिल्यांदाच."