झाकणावरचा अडसर

कडी लावल्याशिवाय मला चैन पडत नाही. मालवणजवळच्या मसुरे गावातल्या आमच्या घराच्या मागच्या दाराला आतून कडी होतीच. पण माकडं स्वयंपाकघरात शिरतात म्हणून मी बाहेरूनही एक बसवली होती. एकदा बायको आत आहे हे न पाहताच ती लावून मी बाजाराला गेलो. परत आलो तर तिनं दिवसभर अबोला धरला.

ही खोड जहाजावरची. मी सारंग होतो, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. एका मालवाहू जहाजावर माझी सगळ्यात जास्त वर्षं गेली. ते कोरं करकरीत असताना मी त्यावर चढलो. गहू, कोळसा, खत, जे भरलं ते त्यानं मुकाट वाहिलं. एका बंदरात चोरून चढलेली दोन माणसं इंजिनरूममध्ये लपलेली सापडली. आणीबाणीत तिथून वर यायला एक उभी शिडी असते आणि शिडीच्या टोकाशी, डेकवर, लोखंडी झाकण. ते दोघे तिथूनच उतरले होते. कप्तान माझ्यावर जाम उखडला. मग मी त्या झाकणावर बाहेरून लोखंडी अडसर बसवला. बंदर सुटलं की तो काढून ठेवायचा, असं ठरलं होतं. काही दिवस काढला, मग कंटाळा केला. कप्तानानं दिलेली शाबासकी मात्र फुशारून घेतली.

मी निवृत्त झालो. जहाज विकलं गेलं, नाव बदललं, झेंडा बदलला, पुन्हा विकलं गेलं. पुढे माझा मुलगा इंजिनरूममध्ये तेलवाला, म्हणजे यंत्रांना तेलपाणी करणारा, म्हणून लागला आणि त्यानं आपल्या जहाजाचा फोटो पाठवला. नव्या नावाच्या रंगाखाली जुन्या नावाची वेल्डिंगची अक्षरं उठून दिसत होती. त्या अक्षरांवर मीच कितीदा तरी ब्रश फिरवला होता. मालवणच्या मासळीबाजारात मी भेटेल त्याला अडवून सांगत होतो, "बापाशीच्या जहाजार झील गेलो हा!" तेव्हा अडसराची आठवणसुद्धा झाली नाही.

ती झाली एका दुपारी, टीव्हीसमोर. तांबड्या समुद्रात एका मालवाहू जहाजावर आदल्या दिवशी क्षेपणास्त्र पडलं होतं. पडद्यावर एका अंगावर कललेलं जहाज होतं आणि त्याच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, तीच अक्षरं. इंजिनरूमला भगदाड, काही खलाशी बेपत्ता, हल्ला दुपारी एकच्या सुमारास. मुलाची पाळी बारा ते चार असायची.

बायकोनं देवापुढे नारळ ठेवला. मला धीर द्यायला म्हणाली, "त्येका पोवाक येता. तुमीच शिकवलास मां?"

मी मान हलवली. पोहायला आधी पाण्यापर्यंत पोचायला हवं, हे तिला कसं सांगणार? माझ्या डोळ्यांसमोर फक्त ते झाकण होतं. खालून मुलगा ते ढकलतोय आणि वर माझा अडसर. मी वादळं पाहिली आहेत, पण तसा कधी घाबरलो नव्हतो. वादळ मी केलेलं नव्हतं. कंपनीला फोन केला की एकच उत्तर, "माहिती मिळाली की कळवतो." बायको दर घटकेला विचारी, "फोन इलो?" आणि मी तिच्यावरच खेकसायचो. दोन दिवस मी मागच्या दाराची कडी लावली नाही. माकडांनी केळी नेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. "बाबा, मी आसंय." एवढंच ऐकलं आणि मी फोन बायकोच्या हातात दिला. जहाज तोवर बुडालं होतं.

महिन्याभरानं तो घरी आला. जेवता जेवता सांगू लागला. स्फोट झाला तेव्हा खाली तिघे होते. मोठ्या जिन्यावर आग, म्हणून शिडीनं वर चढले, तर झाकण उघडेना. पान्यानं ठोकत राहिले. वरून धावणाऱ्या भंडाऱ्यानं, म्हणजे जहाजाच्या आचाऱ्यानं, तो आवाज ऐकला आणि हातोड्यानं अडसर उडवला. तिघांतल्या एकाची छाती धुरानं भरली. तो अजून इस्पितळात होता.

"किती वेळ ठोकत हुतास?" मी विचारलं.

"स्वतःचो हात दिसणा नाय हुतो, घड्याळ खंय बघतलंय?" तो म्हणाला. "कोणी तो आडसर लावल्यान असात, त्येका एकदा त्या शिडयेर उभो करूक व्होयो. आणि आमी सगळे येडे, त्या आडसराक दर वर्सा पिवळो रंग काढी हुताव."

बायको माशाची आमटी वाढत होती. मी न सांगता राहिलो असतो तर कुणाला कळलं असतं? जहाजच समुद्राच्या तळाशी होतं.

"मियाच लावलंय तो," मी म्हणालो.

बायकोचा हात थांबला. मुलानं पानातला भात संपवला आणि उठून हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दाराशी खुडखुड ऐकू आली. तो उकिडवा बसून बाहेरची कडी काढत होता. स्क्रू गंजले होते, फिरत नव्हते.

"दुसरो पेचकस आसा?" त्यानं मान वर न करता विचारलं.

मी आणून दिला, आणि कडी निघेपर्यंत दार धरून उभा राहिलो.