वडाचा खुराक

कसबा बावड्याहून आमच्याकडे म्हशीचं दूध घालायला येणारा माणूस किटली टेकवतो ती नेमकी दारातल्या माझ्या बोन्साय वडाशेजारी. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. चिडायला नाव लागत नाही.

पहिल्याच दिवशी तो कुंडीपुढं उकिडवा बसला आणि रेडकाची हाडं चाचपावीत तसं त्यानं खोड चाचपलं.

"किती वर्सांचं हाय, पावणं?"

"बारा."

"बारा वर्सं आणि येवढंच? खायला घालत न्हाईसा व्हय?"

मी समजावलं. मुळं छाटायची, पाणी बेतानं द्यायचं, पान नखाएवढंच ठेवायचं, यातच तर सगळी कला आहे. त्यानं मान हलवली. मला वाटलं, कळलं याला.

दोन महिन्यांत वडाला तळहाताएवढी पानं आली. कुंडीत बोट घातलं तर आत शेणखत! हा बाबा रोज दूध घालून झालं की पिशवीतलं चिमूटभर खत गुपचूप माझ्या वडाला घालत होता. बारा वर्षांची मेहनत मातीत! दुसऱ्या दिवशी मी दारातच त्याच्यावर तोंड सोडलं. त्याला काहीच वाटलं नाही. त्या थोराड पानांवरून हात फिरवत तो म्हणाला, "मुकं मागत न्हाई म्हणून उपाशी ठिवायचं व्हय?"

मी आणखी मोठ्यानं ओरडलो.

पानं मी अजून छाटतोच. झाड माझं, कात्री माझी. तरी सकाळी त्याची गाडी वाजली की मी कात्री पाठीमागं लपवतो.